दहा रुपयांचा भाग कुठं मिळतो?

मोबाइलच्या नकाशावर ‘इलेक्ट्रॉनिक्स’ टाकून शोधलं की टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीनची दालनं समोर येतात. आपल्याला हवा असतो हजार मायक्रोफॅरड, पंचवीस व्होल्टचा एक कपॅसिटर. जुना फुगलाय, त्याच्या जागी बसवायचाय, आणि किंमत फार तर दहा रुपये. दालनातल्या मुलाला तो मागितला तर तो आधी एक्स्टेन्शन बोर्ड काढून दाखवतो, मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा नंबर देतो. सर्व्हिस सेंटरवाले कपॅसिटर बदलत नाहीत, अख्खा बोर्ड बदलतात आणि चार आकडी बिल सांगतात. दहा रुपये आणि चार आकडे यांच्या मधलं जे दुकान आहे, ते मोठ्या शहरात नक्की असतं. पण ते नकाशावर धड दिसत नाही, आणि दिसलं तरी दारात उभं राहून काय मागायचं हे नवख्याला कळत नाही.

विचारणारे तरी कोण असतात? डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा, सबमिशन चार दिवसांवर आलेला विद्यार्थी. अ‍ॅम्प्लिफायरमधून घूं आवाज येतो म्हणून वैतागलेला गणेश मंडळाचा कार्यकर्ता. भोसरी किंवा अंबरनाथच्या छोट्या कारखान्यात मशीन बंद पडल्यामुळे मालकानं पळवलेला मेंटेनन्सचा माणूस. आणि निवृत्तीनंतर जुना रेडिओ पुन्हा बोलता करायला निघालेले एखादे काका. यांतल्या मेंटेनन्सवाल्याला पत्ता विचारावा लागत नाही, बाकीच्यांना लागतो. कारण सुट्या भागांचं दुकान हौशी माणसासाठी कधी उघडलंच गेलं नाही. ते चालतं दुरुस्तीवाल्यांवर, छोट्या उत्पादकांवर आणि त्यांच्या रोजच्या उधारीवर. हौशी माणूस तिथला पाहुणा. हे एकदा ध्यानात आलं की दुकान शोधायची रीतच बदलते. आपल्या भागात टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करणारा जो कोणी आहे, त्याला ‘माल कुठून आणता?’ एवढं विचारावं. नकाशानं तासाभरात जे सांगितलं नाही ते तो डाग देता देता, मान वर न करता सांगतो.

मुंबईत तो बहुतेक वेळा लॅमिंग्टन रोड म्हणेल. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, बिलावरही तेच असतं, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून काही जायला तयार नाही. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं, पाच मिनिटांत रस्ता लागतो. एके काळी हा सिनेमागृहांचा रस्ता होता. नाझ, स्वस्तिक, अप्सरा, आणि ‘शोले’ वर्षानुवर्षं चाललेलं मिनर्व्हा. आता फुटपाथवरून चालताना दिसतात ते सीसीटीव्हीचे कॅमेरे, प्रिंटर, राउटर, लॅपटॉपचे चार्जर. पहिल्यांदा आलेला माणूस इथंच फसतो. ‘हे तर कॉम्प्युटर मार्केट आहे’ म्हणत दोन्ही बाजूंनी एक फेरी मारतो आणि परत जातो.

सुटे भाग दर्शनी दुकानांत कमीच. ते आत असतात. जुन्या चाळवजा इमारतींच्या बोळांत, जिन्याखाली, पोटमाळ्यावर, प्रॉक्टर रोडसारख्या आडव्या रस्त्यांवर. पाट्यांवर ‘कंपोनंट्स’, ‘सेमीकंडक्टर’, ‘स्पेअर्स’ हे शब्द शोधायचे. आणि प्रत्येक दुकानात सगळं मिळेल ही अपेक्षा सोडायची. कोणी फक्त कनेक्टर ठेवतो, कोणी फक्त ट्रान्सफॉर्मर. कोणाकडे स्विच आणि रिलेच, कोणाकडे पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या कॅबिनेटा. एखादा निव्वळ स्पीकर, ट्वीटर आणि अ‍ॅम्प्लिफायरचे तयार बोर्ड विकतो, तर एखाद्याच्या भिंतभर खणांत आयसीच आयसी. आपल्याकडे नसेल तर दुकानदार शेजारच्या गाळ्याकडे बोट दाखवतो. गिऱ्हाईक रोजचं असेल तर पोऱ्याला पळवून तिथून मागवतो आणि दोन रुपये वर लावतो. या दोन रुपयांबद्दल कुरकुर करू नये, चार जिने वाचतात.

काउंटरवरची तऱ्हा वाण्याच्या दुकानासारखी आहे. चार-पाच जण कोपरं टेकून उभे, सगळे एकाच वेळी बोलतायत, आणि शेठ एकाचं मोजता मोजता दुसऱ्याला ‘बोलो’ म्हणतोय. मुंबईत व्यवहार हिंदीत चालतो, शेठ बहुधा गुजराती किंवा कच्छी, पण हाताखालचा माणूस रत्नागिरीकडचा निघाला की यादी मराठीत सरकते. एक दुपार डोळ्यांसमोर आहे. पाठीला सॅक लावलेली मुलगी पाच किलोओमचा रेझिस्टर मागते.

‘पाच के नाही येत. चार-सात घ्या.’

‘पण सर्किटमध्ये पाच लिहिलंय.’

‘कशाला लावणार? एलईडीला?’

‘हो.’

‘मग चार-सात घ्या ताई, त्याला काय कळतंय. पाव वॅट ना? किती, दहा देऊ?’

ती एक मागायला आली होती, दहा घेऊन गेली, आणि नोटेतून सुटेच जास्त परत आले. पण त्या अर्ध्या मिनिटात तिला कॉलेजात बहुधा न सांगितलेली गोष्ट कळली. रेझिस्टर वाटेल त्या किमतीचे बनत नाहीत. सर्रास मिळणारी मालिका आहे १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ आणि मग याच आकड्यांच्या दसपटी. दहा टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर बारा आकड्यांत सगळी रेघ झाकली जाते, म्हणून उत्पादकांनी बाराच धरले. सर्किटवर पाचशे ओम छापलेलं असलं तरी हातात चारशे सत्तर पडतो आणि दिवा तितकाच उजळतो. हे दुकानदारानं पुस्तकातून शिकलेलं नसतं. त्याच्या खणांवर तेच आकडे आहेत.

या दुकानांचा खरा माल म्हणजे हे ‘हे नाही, ते चालेल’. कपॅसिटर सोळा व्होल्टचा मागितला आणि पंचवीसचा मिळाला तर बिनधास्त घ्यावा, फक्त उंची मोजून. डबा बंद झाला पाहिजे. उलट करू नये, पंचवीसच्या जागी सोळाचा फुटतो. छताच्या पंख्याचा अडीच एमएफडीचा कपॅसिटर गेला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या काउंटरवर जायचंच नाही, तो कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलवाल्याकडे मिळतो. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत मात्र ‘चालेल’ हा शब्द जरा तपासून घ्यावा. बीसी ५४७ च्या जागी काळ्या प्लॅस्टिकच्या अंगाचा २२२२ देतात आणि तो कामाला चालतोही, पण पायांचा क्रम उलटा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी ५४७ मध्ये डावीकडे कलेक्टर आणि उजवीकडे एमिटर, २२२२ मध्ये बहुतेक वेळा डावीकडे एमिटर. दुकानदार हे सांगायला विसरत नाही, आपण ते विचारलेलं नसतं इतकंच. त्याच्या मते ज्याला ट्रान्झिस्टर मागता येतो त्याला पाय कळतातच.

मागायचं कसं, यावरच निम्मं काम होतं. आणि तिथली भाषा कॉलेजातली नाही. रेझिस्टरला रेझिस्टन्स म्हणतात, जुनी मंडळी कपॅसिटरला अजून कंडेन्सर म्हणतात. आयसी ज्यात बसवायचा तो सॉकेट म्हणजे ‘बेस’: आठ पायांचा बेस, चौदा पायांचा बेस. पिनांची पट्टी म्हणजे बर्ग, वायरीसकट येणारा पांढरा कनेक्टर म्हणजे रेलिमेट. ट्रान्सफॉर्मर मागताना बारा-झिरो-बारा, एक अँपिअर, असं एका दमात सांगायचं. भोकांची कोरी पाटी, जिच्यावर हातानं सर्किट जोडायचं, ती ‘झिरो बोर्ड’. यादी कागदावर लिहून न्यावी: किंमत, वॅट किंवा व्होल्ट, नग. जळका भाग बदलायचा असेल तर तो पिशवीतून बरोबर न्यावा. त्यावरची अक्षरं जळाली असतील तर बोर्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावा. ‘रोबो बनवायचाय, काय काय लागेल?’ हा प्रश्न गर्दीच्या वेळी विचारणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही, आणि त्यात उद्धटपणा नाही. मागे नऊ जण उभे असतात. दुकानं साधारण अकराच्या सुमारास उघडतात, रविवारी बहुतेक शटर खाली. आठवड्याच्या मधल्या दिवशी, उघडल्या उघडल्या गेलं तर शेठ गप्पाही मारतो.

हा बाजार असा एका रस्त्यावर साचला त्यामागे आयातीचा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशकं इलेक्ट्रॉनिक भाग परदेशातून मागवायला परवाना लागायचा आणि जकात जबर होती. देशात भारत इलेक्ट्रॉनिक्स होती, १९६४ मध्ये सुरू झालेली कंटिनेंटल डिव्हाइस होती. एसएल १०० हा गोल टोपीचा ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी प्रॅक्टिकलमध्ये जाळला. पण गरज मोठी आणि पुरवठा तुटपुंजा. अशा वेळी ज्याच्याकडे परवाना आहे, ज्याच्याकडे शिल्लक आहे, ज्याला कोणाकडे काय पडून आहे हे ठाऊक आहे, अशी माणसं जवळजवळ बसली तरच धंदा होतो. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ कॉम्प्युटरवरचे निर्बंध सैल झाले, आणि रेडिओच्या भागांशेजारी पिक्चर ट्यूबचे आणि कीबोर्डचे खोके येऊन पडले. त्याच दशकात ‘एलेक्टर’ या युरोपीय मासिकाची भारतीय आवृत्ती प्रॉक्टर रोडवरूनच निघायची. अंकात सर्किट वाचायचं, जिना उतरायचा आणि त्याच रस्त्यावर भाग गोळा करायचे, अशी सोय देशात फार थोड्या ठिकाणी असेल. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ दिल्लीहून यायचं. त्यातला एखादा भाग मिळाला नाही की नाशिक-सांगलीकडचे लोक मुंबईला जाणाऱ्या नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी द्यायचे.

पुढे माहिती तंत्रज्ञान करारानुसार २००५ पर्यंत सेमीकंडक्टरवरची जकात शून्यावर आली. चिनी माल कंटेनरनं येऊ लागला आणि रस्त्याचं रूप पालटलं. याच काळात पायरेटेड सॉफ्टवेअरच्या सीड्यांमुळे अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या बदनाम बाजारांच्या यादीत लॅमिंग्टन रोडचं नाव झळकलं. सीड्या गेल्या, नाव राहिलं. सुटे भाग विकणाऱ्यांचा त्या सीड्यांशी काही संबंध नव्हता, पण रस्ता एकच.

खोट्या मालाचा प्रश्न मात्र त्यांच्याही दारात आहे. तो नीट समजून घेतल्याशिवाय या बाजारात जाऊ नये. सगळाच नकली असतो असं नाही. काउंटरवर निदान चार प्रकारचा माल एकाच नावानं नांदतो. कंपनीचा अस्सल. दुसऱ्या कंपनीनं उघडपणे बनवलेला, त्याच नंबरचा, चांगला चालणारा. जुन्या बोर्डावरून उपटून, पाय घासूनपुसून विकलेला. आणि चौथा, ज्याच्या अंगावरची मूळ अक्षरं खरवडून वर महागड्या भागाचा नंबर छापलाय. पहिल्या दोघांत काही वाईट नाही. ५५५ टायमर १९७२ मध्ये सिग्नेटिक्सनं बाजारात आणला. आज तो अनेक कंपन्या बनवतात आणि कोणाचाही घ्या, दिवा लुकलुकतो. तिसऱ्याबद्दलही मी तक्रार करणार नाही. उत्पादन थांबलेला आयसी हवा असेल तर उपटलेला मिळणं हेच नशीब. घोटाळा चौथ्याचा.

तो ओळखायच्या युक्त्या दुरुस्तीवाल्यांना पाठ असतात. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला की नंतर मारलेला काळा रंग सुटतो. नखाला एकसारखा खडबडीतपणा लागला तर पृष्ठभाग घासलेला आहे. बऱ्याच आयसींवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे वर्ष आणि पुढचे दोन आठवडा. त्यात त्रेपन्नच्या पुढचा आठवडा दिसला तर हसावं आणि परत द्यावं. २एन ३०५५ या धातूच्या टोपीतल्या पॉवर ट्रान्झिस्टरचे नकली नग कापून पाहिले की आत अस्सलच्या मानानं इवलीशी चकती सापडते. कागदावर पंधरा अँपिअर, प्रत्यक्षात विसर्जनाच्या रात्री अ‍ॅम्प्लिफायर गार. १८६५० आकाराच्या लिथियम सेलवर ९९०० एमएएच छापलेलं सर्रास दिसतं. या आकारात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा सेलही साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो आणि त्याचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या घरात असतं. हातात घेतल्यावर सेल हलका लागला तर आकडे वाचायचे कष्ट घेऊ नयेत. लिथियमच्या बाबतीत काटकसर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी नकली भाग फार तर बंद पडतो, हा पेट घेऊ शकतो.

नकलीची झळ दुकानापुरती राहत नाही, हे २०१४ मध्ये जगानं पाहिलं. एफटीडीआय या कंपनीच्या यूएसबी चिपच्या नकला स्वस्त बोर्डांवर सर्वत्र लागल्या होत्या. कंपनीनं विंडोजच्या अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला की नकली चिपची ओळखच पुसली जाऊन ती कॉम्प्युटरला दिसेनाशी व्हायची. आपल्या बोर्डावर नकली चिप आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही नाही, आणि शिक्षा दोघांना. आरडाओरडा झाल्यावर ड्रायव्हर मागे घेतला गेला. आज काउंटरवरच्या स्वस्त आर्डुइनो नकलांवर सीएच ३४० ही दुसरी चिनी चिप उघडपणे असते. माझ्या मते हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे.

दुकानदार फसवतो का? माझा अनुभव असा की तो विचारल्याशिवाय सांगत नाही आणि विचारलं तर बहुधा खरं सांगतो. ‘ओरिजिनल की चालू?’ हा तिथला रोजचा, कोणाला राग न येणारा प्रश्न आहे. उत्तरात दोन भाव येतात, त्यांतला फरकच माहिती देतो. ‘चालू’ माल परत घेत नाहीत. जीएसटीचं पक्कं बिल मागितलं की भाव वर सरकतो, पण कारखान्यासाठी किंवा कॉलेजसाठी घेताना ते मागावंच.

मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला ग्रँट रोड परवडत नाही, पैशांनी नव्हे, वेळानं. विरार किंवा बदलापूरहून एका रेग्युलेटरसाठी निघालेल्या माणसाचा अख्खा दिवस जातो. उपनगरांत स्टेशनालगत टीव्ही स्पेअर्सचं एखादं दुकान टिकून असतं. रिमोट, अ‍ॅडॉप्टर, सेट-टॉप बॉक्सच्या वायरी पुढे लटकवलेल्या, आणि आत खणांत रेझिस्टन्स, डायोड, ७८०५. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपास दुसरी एक जात आढळते, ‘प्रोजेक्ट्स’ची पाटी लावलेली. तिथं सेन्सर, मोटर, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी मिळतात. आख्खा तयार प्रोजेक्ट अहवालासकटही मिळतो, ज्याबद्दल प्राध्यापक मंडळी डोळेझाक करतात. मोबाइलचे भाग आणि अ‍ॅक्सेसरीज हवे असतील तर सीएसएमटीजवळचं मनीष मार्केट. भंगारातून काही काढायची आवड असेल तर चोरबाजार ग्रँट रोडहून चालत जाण्याच्या टप्प्यात आहे. तिथं मीटरचे काटे, जुने ट्रान्सफॉर्मर, बेकलाइटची बटणं असा मालही हाती लागतो.

पुण्यात हा बाजार बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत. तपकीर गल्ली मुळात इलेक्ट्रिकलची. वायर, दिवे, पंखे यांच्या गर्दीतून वाट काढत कंपोनंट्सचं दुकान गाठावं लागतं. मुंबईपेक्षा पसारा लहान, पण सगळं दोन-तीन गल्ल्यांत, आणि काउंटरवर मराठीत सगळं विचारता येतं. दुकानदारांना ‘काका’ म्हटलेलं चालतं, उधार मागितलेलं चालत नाही. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं मल्टिमीटरपासून पॉवर सप्लायपर्यंत काहीही दिसू शकतं. तपासून घ्यायची जबाबदारी आपली. बाकी शहरांचे पत्ते ठरलेले आहेत: दिल्लीत लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट, बेंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, कोलकात्यात चांदनी चौक. बदली होऊन गेलेल्या मराठी इंजिनिअरला घर मिळायच्या आधी यांतला एक पत्ता कोणीतरी देतोच.

परदेशात या दुकानांचं काय झालं ते पाहिलं तर आपला बाजार टिकलाय याचंच नवल वाटतं. न्यूयॉर्कची रेडिओ रो वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामासाठी १९६६ मध्ये पाडली गेली. अमेरिकेतल्या रेडिओशॅकनं सुट्या भागांचे खण मागे सारून मोबाइल पुढे मांडले आणि २०१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ब्रिटनमधली मॅपलिन २०१८ मध्ये गेली. टोकियोच्या अकिहाबारात युद्धानंतर रेडिओचे भाग विकणाऱ्या फुटपाथवरच्या टपऱ्या रेल्वेपुलाखाली हलवल्या गेल्या. त्यांतल्या काही अजून आहेत, पण आजूबाजूला कार्टूनच्या बाहुल्यांचा बाजार पसरलाय. शेन्झेनच्या हुआचियांगबेईत अजूनही मजलेच्या मजले सुट्या भागांचे आहेत, कारण कारखाने तासाभराच्या अंतरावर आहेत. रेडिओशॅक आणि मॅपलिन हौशी माणसावर आणि शोरूमच्या भाड्यावर चालत होत्या. लॅमिंग्टन रोड कारागिरावर आणि पागडीच्या गाळ्यावर चालतो. फरक इथं आहे.

आणि ऑनलाइन? त्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. पुण्याचंच रोबू घ्या. सेन्सर, मोटर ड्रायव्हर, ड्रोनचे पंखे, रास्पबेरी पाय असं जे जे नव्या पिढीला लागतं ते छायाचित्रासह, डेटाशीटसह तिथं दिसतं आणि दोन-तीन दिवसांत घरी येतं. माउसर, डिजी-की या अधिकृत वितरकांकडून मागवलेल्या मालाच्या अस्सलपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. वैद्यकीय किंवा औद्योगिक उपकरणात लावायचा भाग काउंटरवरून घेऊच नये, तिथूनच मागवावा. पण दहा रुपयांच्या कपॅसिटरला साठ-सत्तर रुपये कुरिअर पडलं की हिशेब फिरतो. आणि डेटाशीट तुमच्या हातातला जळका बोर्ड पाहून ‘कपॅसिटर बदलून काही होणार नाही, मागचा मॉस्फेट गेलाय, आधी तो बघा’ असं म्हणत नाही. २०२१ मध्ये जगभर चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा संकेतस्थळांवर ‘उपलब्ध नाही’च्या रांगा होत्या. काही काउंटरांच्या मागच्या खणांतून तेच भाग निघत होते, तिप्पट-चौपट भावानं. फुकट काही नाही.

काउंटरला खरा धोका ऑनलाइनचा नाही, मालाच्या आकाराचा आहे. आजच्या बोर्डावरचे भाग बाजरीच्या दाण्याहून लहान. ते रिळांवर येतात आणि मशीन बसवते. पंचवीस वॅटचा सोल्ड्रॉन सोल्डरिंग आयर्न आणि चिमटा घेऊन बसलेल्या कारागिराला ते बदलायला गरम हवेची गन, भिंग आणि तरुण डोळे लागतात. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे बोर्ड बदलणं होत चाललंय, आणि सुटे भाग मागणारा कारागीर कमी होतोय. मोबाइलवाल्यांनी ही विद्या शिकून घेतली, टीव्हीवाल्यांची बहुतेक पिढी शिकली नाही. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं खरं, पण कंपनीनं सर्किटचा नकाशा आणि भाग खुल्या बाजारात द्यावेत अशी सक्ती त्यानं होत नाही. ती झाल्याशिवाय पोर्टलचा काउंटरला उपयोग नाही.

गेल्या दहाएक वर्षांत काउंटरवर नवं गिऱ्हाईक आलंय ते शाळेतलं. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब दहा हजारांवर शाळांत उभ्या राहिल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. या प्रयोगशाळांचं सामान मात्र निविदेतून, संचांच्या रूपात येतं. संचातला मोटर ड्रायव्हर पहिल्या महिन्यात एखाद्या मुलानं उलट्या तारा जोडून जाळला की पुढे काय? मुंबई-पुण्याच्या शाळेतले सर शनिवारी जाऊन दुसरा आणतात. धाराशिव किंवा गडचिरोलीच्या सरांना एका आयसीसाठी खरेदीचा प्रस्ताव करावा लागतो, नाहीतर स्वतःच्या खिशातून मागवावा लागतो. अशा अनेक ठिकाणी दहा रुपयांचा भाग आजही त्याच टीव्ही मेकॅनिककडे मिळतो, जो महिन्यातून एकदा एसटीनं मोठ्या शहरात जाऊन पिशवी भरून आणतो. शाळांच्या अनुदानात त्याच्याकडून कच्च्या बिलावर दोन-चारशे रुपयांचे भाग घ्यायची मुभा ठेवली, तर जळलेल्या ड्रायव्हरपाशी थांबलेले पुष्कळ प्रयोग त्याच आठवड्यात पुढे जातील.